अपडेट फसलं? आधी फाइली बाहेर काढा, दुरुस्ती नंतर

गेल्या मे महिन्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला. विंडोजचं अपडेट चालू असताना वीज गेली होती. यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली. वीज आल्यावर मशीन सुरू झालं, पण निळ्या पडद्याच्या पुढे जाईना. आत अकरा वर्षांची जेकार्डची, म्हणजे विणून काढायच्या नक्षीची, डिझाइनं होती, शिवाय टॅलीचा हिशोब. "फॉरमॅटच करावं लागेल म्हणाले. तुम्ही एकदा बघा," एवढंच ते म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. पाऊण तासात सगळी डिझाइनं बाहेरच्या डिस्कवर उतरली. एकही गेलेलं नव्हतं.

त्याच महिन्यात एक मावशी लॅपटॉप घेऊन आल्या. नातवाच्या बारशाचे फोटो होते, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले होते, नंदीध्वज खांद्यावर घेतलेल्या त्यांच्या यजमानांचे होते. यजमान आता नाहीत. त्यांच्या लॅपटॉपचं दुखणं कारखानदारांच्या मशीनपेक्षा किरकोळ होतं. पण माझ्याकडे येण्याआधी तो एका दुकानात फॉरमॅट करून, नवं विंडोज टाकून झाला होता. त्यात एसएसडी होती, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी नवी डिस्क. एकही फोटो परत आला नाही.

हा लेख मी त्या मावशींसाठी उशिरा लिहितो आहे. फसलेलं अपडेट सहसा तुमच्या फाइली नेत नाही. फाइली जातात त्या पुढच्या दोन तासांत घाबरून केलेल्या उद्योगांमुळे. म्हणून क्रम एकच ठेवा: आधी फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायच्या, त्या उघडून बघायच्या, आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा.

फाइली वाचतात कशा, ते आधी समजून घ्या

सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज' नावाचा एक फोल्डर असतो आणि 'यूजर्स' नावाचा दुसरा. अपडेटचं मुख्य काम चालतं ते पहिल्यात. तुमचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळे दुसऱ्यात, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. वर्षाकाठी येणारं मोठं अपडेट असेल तर बहुधा जुनी सिस्टिम 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये सरकवून ठेवली जाते, म्हणजे परतीची वाट उघडी राहावी. घराची मांडणी बदलताना कपाटातले कपडे कपाटातच राहावेत, तसं हे आहे.

याला अपवाद घडलेला आहे, तोही सांगतो. विंडोज 10चं 1809 हे अपडेट 2 ऑक्टोबर 2018 रोजी आलं आणि चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या फाइली खरोखर पुसल्या गेल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी वळवले होते, पण जुन्या जागी काही फाइली तशाच राहिल्या होत्या, त्यांचे जुने फोल्डर अपडेटने रिकामे समजून काढून टाकले. नोव्हेंबरात दुरुस्त आवृत्ती आली. अशी वेळ क्वचित येते. पण म्हणूनच "अपडेटनं काही जात नाही" एवढ्या भरवशावर कोणी राहू नये.

पहिली पायरी: हात मागे घ्या

पडद्यावर टक्केवारी अडकली असेल तर आधी थांबा. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनला मी तीन-चार तास देतो, कधी रात्रभर ठेवतो. एसएसडी असेल तर दीड-दोन तास पुरे. 'अनडूइंग चेंजेस' असं दिसलं तर ती चांगली खूण समजा, कारण मशीन स्वतःच जुन्या स्थितीत परत निघालेलं असतं. तेव्हा वीज तोडणं सगळ्यात वाईट. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, अडकलेलं मशीन तासन्‌तास तापत राहतं, म्हणून ते गादीवर न ठेवता टेबलावर, पंख्याखाली ठेवा. दिवा पूर्ण थंड, पडदा तसाच, आणि वेळही भरपूर दिलेला, असं झालं तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा.

आणि हे करू नका. फॉरमॅट नको. 'रीसेट धिस पीसी' नको. त्यातला 'कीप माय फाइल्स' हा पर्यायही आधी कॉपी झाल्याशिवाय नको, कारण त्यात तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअरं जातात आणि त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये पडलेल्या तुमच्या फाइलीही जाऊ शकतात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग'चा अर्थ नावातच आहे. डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क नको, कारण ते डिस्कवर बदल करतं, आणि डिस्क आजारी असेल तर तेवढ्या घासाघाशीने ती पुरती बसते. फाइल रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर डाउनलोड करणं तर अजिबात नको. जे शोधायचं आहे त्याच्याच जागेवर ते लिहिलं जाऊ शकतं.

विंडोज उघडतं, पण डेस्कटॉप रिकामा आहे

माझ्याकडे येणाऱ्या घाबरलेल्या फोनमध्ये हे सगळ्यात जास्त. वॉलपेपर बदललेला, आयकॉन गायब, नव्या कॉम्प्युटरसारखं सगळं. बहुतेक वेळा विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या नेहमीच्या खात्याऐवजी एका कोऱ्या खात्यात, आत घेतलेलं असतं. कोपऱ्यात तशी सूचनाही येऊन जाते, पण ती कोणी वाचत नाही. फेब्रुवारी 2020मध्ये विंडोज 10च्या एका अपडेटनंतर अनेकांना नेमकं हेच दिसलं आणि लोक समजले सगळं पुसलं गेलं. फाइली तिथेच होत्या, फक्त फोल्डरचं नाव बदललेलं.

या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काहीही सेव्ह करू नका. बाहेर पडलात की ते नाहीसं होतं. मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट करून बघा, काही वेळा तेवढ्याने जुनं प्रोफाइल परत येतं. नाही आलं तर फाइल एक्सप्लोरर उघडा, सी ड्राइव्हमध्ये 'यूजर्स'मध्ये जा. तिथे तुमच्या नावाचा फोल्डर दिसेल. कधी नावापुढे टिंब आणि तीन शून्यं असतात, कधी टिंब आणि 'बीएके' ही अक्षरं. प्रत्येक फोल्डर उघडा आणि आतले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स तपासा. 'परवानगी नाही' असं म्हणालं तर 'कंटिन्यू' दाबा. सापडलं की लगेच बाहेरची डिस्क लावून सगळा फोल्डर कॉपी करा. कट-पेस्ट नको, कॉपी. मध्येच वीज गेली तर कट केलेली फाइल अर्धी इकडे, अर्धी तिकडे, असं होऊ नये.

तिथे नसेल तर 'विंडोज डॉट ओल्ड' उघडा, त्यातही 'यूजर्स' असतो. हे काम आजच करा. मागे जाण्याची मुदत साधारण 10 दिवसांची असते आणि त्यानंतर विंडोज तो फोल्डर स्वतःहून साफ करतं. डिस्क क्लीनअप चालवून जागा मोकळी करायचा मोह त्या काळात टाळा.

तिसरी जागा वनड्राइव्ह. अनेकांना माहीतच नसतं की त्यांचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये वळवलेले आहेत. अपडेटनंतर वनड्राइव्हमधून लॉगआउट झालं की डेस्कटॉप रिकामा दिसतो. मोबाइलवर त्याच खात्याने वनड्राइव्ह उघडून बघा. तिथल्या रीसायकल बिनमध्येही डोकवा. वैयक्तिक खात्यात पुसलेल्या फाइली 30 दिवस राहतात.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, जाऊन प्रोफाइल दुरुस्त करायची युक्ती व्हिडिओंमध्ये दाखवतात. ती चालते, पण एक चुकीची ओळ पुसली तर मशीन उघडायचंच बंद होतं. मी स्वतः नवीन यूजर बनवतो आणि कॉपी केलेल्या फाइली त्यात आणून ठेवतो. दहा मिनिटं जास्त लागतात, झोप शांत लागते.

विंडोज उघडतच नाही

मशीन सुरू करा, विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. लॉगिनचा पडदा येत असेल तर एवढं करायची गरज नाही. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा.

तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. 'स्टार्टअप रिपेअर' आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हे पर्याय समोरच दिसतील, आणि अनेकदा शेवटचं अपडेट काढलं की मशीन सुरूही होतं. पण ते नंतर. आधी त्याच पडद्यावरचा 'कमांड प्रॉम्प्ट' निवडा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात नोटपॅड हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि एंटर दाबा. साधं नोटपॅड उघडेल. आता फाइल, मग ओपन. जी खिडकी उघडते तीच आपला फाइल एक्सप्लोरर. खाली फाइलचा प्रकार 'टेक्स्ट' असा असतो, तो बदलून 'ऑल फाइल्स' करा, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतील आणि तुमच्या काळजाचा ठोका चुकेल.

डावीकडे 'धिस पीसी' निवडा. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, म्हणजे तुमचा सी इथे डी म्हणून दिसेल. 'यूजर्स' फोल्डर कुठे आहे ते बघून ओळखा. तुमच्या नावाच्या फोल्डरवर जाऊन आतला एकेक फोल्डर राइट-क्लिक करून कॉपी करा, मग बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट करा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: किती कॉपी झालं हे दाखवणारी हिरवी पट्टी इथे येत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटते. ती गोठलेली नसते, कॉपी चालू असते. कारखानदारांची डिझाइनं मी याच वाटेने काढली आणि पहिली वीस मिनिटं ते दर दोन मिनिटांनी विचारत होते, "अडकलं का?" धीर धरा. एका वेळी एकच फोल्डर घ्या, म्हणजे कुठे थांबलं ते कळतं. पेनड्राइव्ह जुन्या एफएटी 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर बसत नाही. लग्नाचे व्हिडिओ इथेच अडतात. पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक्सफॅटमध्ये तयार करून आणा.

दुरुस्तीचा पडदाही येत नसेल तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत सिस्टिमचा आधार घ्या. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबंटू डाउनलोड करा आणि रूफस या मोफत सॉफ्टवेअरने 8 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. तो अडकलेल्या मशीनला लावून, मशीन सुरू होताना कशावरून सुरू करायचं ते विचारणारा बूट मेन्यू उघडा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ 12, एचपीवर एफ 9, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. लिनक्स थेट पेनड्राइव्हवरून चालतं, तुमच्या डिस्कला हात लावत नाही. फक्त 'ट्राय' निवडायचं. 'इन्स्टॉल' या शब्दावर चुकूनही क्लिक करायचं नाही. आत गेल्यावर विंडोजची डिस्क साध्या फोल्डरसारखी दिसते. ती फक्त वाचण्यापुरती उघडली तर ते चांगलंच. आपल्याला वाचायचंच आहे.

शेवटची वाट म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणं. जुन्या अडीच इंची डिस्कसाठी, ती यूएसबीला जोडणारं साटाचं केसिंग मिळतं. नव्या लॅपटॉपमधल्या पट्टीसारख्या एम डॉट 2 डिस्कचे दोन प्रकार असतात, साटा आणि एनव्हीएमई. केसिंग घ्यायला जाताना डिस्कच हातात घेऊन जा. डिस्क लावल्यावर "वापरण्याआधी फॉरमॅट करा" असा प्रश्न आला तर 'कॅन्सल'. हा प्रश्न आला म्हणजे डिस्क रिकामी आहे असं नाही.

48 आकडे मागत असेल तर

बिटलॉकरचा निळा पडदा आला म्हणजे डिस्क कुलूपबंद आहे. जुलै 2024च्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक मशीनवर हा पडदा अचानक उगवला होता. नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे कुलूप मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. मोबाइलवर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, 'डिव्हाइसेस'मध्ये तुमचा लॅपटॉप निवडा आणि रिकव्हरी की, म्हणजे कुलपाची 48 आकडी किल्ली, बघा. पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरं तिथल्याशी जुळवा, कारण एका खात्यात दोन-तीन मशीनच्या किल्ल्या असू शकतात. मुलाने किंवा पुतण्याने त्याच्या खात्याने लॅपटॉप सुरू करून दिला असेल तर किल्ली त्याच्या खात्यात आहे. त्याला फोन लावा. लॅपटॉप कंपनीचा असेल तर कंपनीच्या आयटी विभागाकडे. किल्ली नसेल तर त्या फाइली कोणीही उघडू शकत नाही. "आम्ही तोडून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

नेमकं काय काय कॉपी करायचं

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतले की झालं असं वाटतं. मग आठवडाभराने टॅली उघडून बघतात.

टॅलीप्राइमचा डेटा नेहमीच्या मांडणीत 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये नाही. जुनं टॅली ईआरपी 9 पुष्कळदा थेट सी ड्राइव्हमध्ये स्वतःचा फोल्डर करून बसतं. जेकार्ड आणि भरतकामाची डिझाइन सॉफ्टवेअरंही पुष्कळदा फाइली स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवतात, म्हणून 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्येही डोकावा. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांनी श्रीलिपीसारखे जुने फॉन्टही उचलावेत. ते नसतील तर जुन्या फाइली उघडतील, पण अक्षरांची खिचडी दिसेल. आउटलुक वापरत असाल तर मेलची पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समध्ये असते का ते बघा. क्रोमचे बुकमार्क 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, ते दिसायला 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू करावं लागतं. काय कुठे आहे ते आठवत नसेल आणि बाहेरची डिस्क मोठी असेल तर शोधत बसू नका: अख्खा 'यूजर्स' फोल्डर आणि सी ड्राइव्हमधले अनोळखी फोल्डर सगळेच घ्या. निवड नंतर निवांत करता येते.

कॉपी झाली की मूळ आणि नवा, दोन्ही फोल्डरवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या जुळवा. मग दहा-पंधरा फाइली वेगवेगळ्या ठिकाणच्या उघडून बघा. फोटो पूर्ण दिसतो का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, टॅलीत चालू महिना दिसतो का. दुरुस्ती यानंतर.

खरोखरच पुसल्या गेल्या असतील

मशीन ताबडतोब बंद. हार्ड डिस्क असेल तर आशा बरीच असते, कारण पुसलेली फाइल तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असते. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि तिथून रेकुव्हा, फोटोरेक किंवा मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी चालवा. तिन्ही मोफत मिळतात. फोटोरेक खोलवर शोधतं, पण फाइलींची नावं परत आणत नाही. हजारो फोटो आकड्यांच्या नावाने मिळतात आणि मग फोटोत नोंदलेल्या तारखेवरून लावावे लागतात. सापडलेलं सगळं तिसऱ्या डिस्कवर साठवा, त्याच डिस्कवर नाही.

एसएसडीचं गणित वेगळं. त्यात ट्रिम नावाची सोय असते, ती पुसलेली जागा लगेच साफ करायला सांगते. मावशींचे फोटो त्यामुळेच परत आले नाहीत. एसएसडीवर फॉरमॅट होऊन गेलं असेल तर मोबाइल, गुगल फोटोज, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रती, नातेवाइकांचे फोन, अशा बाजूने शोध घ्या. मावशींना बारशाचे फोटो शेवटी पुतणीच्या फोनमधून मिळाले. नंदीध्वजाचे नाही मिळाले.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर चालवू नका, पुन्हा सुरूही करू नका. अशा डिस्क धूळविरहित खोलीत उघडणाऱ्या प्रयोगशाळा पुण्या-मुंबईत आहेत. खर्च मोठा असतो, म्हणून आत काय आहे याचा हिशोब करूनच पाठवा.

दुकानात द्यायचं असेल तर

लाजू नका, स्पष्ट बोला. पावतीवर लिहून घ्या: "डेटा हवा आहे. मालकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." फोन नंबर चालू ठेवा. आत कोणत्या फाइली आहेत ते कारागिराला सांगा, "टॅली आहे, डिझाइनं आहेत, इतक्या वर्षांचे फोटो आहेत." रिकामी बाहेरची डिस्क सोबत द्या. चांगला कारागीर हे ऐकून रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. फॉरमॅट करणं सगळ्यात झटपट असतं आणि गिऱ्हाईक काहीच बोललं नाही तर तेच केलं जातं.

पुढच्या अपडेटच्या आधी

अपडेट कायमचं बंद करू नका. विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला आहे, आणि सुरक्षेची अपडेट न घेतलेलं मशीन नेटवर चालवणं हे फसलेल्या अपडेटपेक्षा मोठं संकट. मात्र वेळ आपण ठरवावी. सेटिंग्जमध्ये काही आठवडे अपडेट थांबवता येतं. जीएसटी भरायच्या आठवड्यात थांबवा, निवांत दिवशी चालू करा. सी ड्राइव्हवर पंचवीस-तीस जीबी मोकळी ठेवा. डेस्कटॉप मशीन असेल तर यूपीएसची बॅटरी बदला; तिचा खर्च अकरा वर्षांच्या डिझाइनांपुढे काहीच नाही. बिटलॉकरची किल्ली आजच कागदावर उतरवून घरातल्या कागदपत्रांत ठेवा.

आणि एक बाहेरची डिस्क घ्या. कारखानदारांकडे आता दर शनिवारी संध्याकाळी मुनीमजी डिझाइनं आणि टॅली तिच्यावर कॉपी करतात. कॉपी झाली की ती डिस्क मशीनमधून काढून कपाटात जाते. लावून ठेवलेली डिस्क विजेच्या झटक्यात मशीनबरोबरच जळते, आणि व्हायरस आला तर तोही तिच्यावर पोचतो.